नवी वनस्पती सापडली, पण नाव टिकलं नाही: नामकरण आणि टाइप नमुन्याच्या या चुका टाळा

तपासायला आलेल्या एका हस्तलिखितात दोन हर्बेरियम शीट्सचे फोटो होते (हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय). पहिल्या शीटवर एकही पान नसलेली, फुलांनी लगडलेली फांदी आणि लेबलवर मार्चची तारीख. दुसरीवर भरगच्च पानं, पिकलेली फळं आणि ऑगस्टची तारीख. संग्राहक एकच, झाड एकच आणि क्रमांकही एकच, 215. ‘झाड तेच, मग नंबर कशाला बदलायचा?’ असा लेखकाचा सरळ हिशेब होता, आणि होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, म्हणून त्याने दोन्ही शीट्स दिल्या होत्या. वर्णन चोख, रेखाटनं देखणी, आणि जात खरोखरच नवी. तरीही ते तसंच छापलं असतं तर नावाला वैध प्रकाशन मिळालंच नसतं.

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना हे अन्यायाचं वाटतं. वनस्पती ओळखण्यात चूक नाही, मग नाव का अडतं? कारण शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘कोड’ म्हणतो ती, तुमची जात खरी की खोटी हे विचारतच नाही. तो वर्गीकरणाचा प्रश्न, त्यावर लोक खुशाल भांडोत. कोड कागदपत्रं तपासतो: कधी छापलं, कुठे छापलं, काय लिहिलं, टाइप कोणता आणि तो ठेवलाय कुठे. खालच्या बहुतेक चुका याच कागदपत्रांतल्या आहेत.

टाइप म्हणजे ‘आदर्श नमुना’ नव्हे

हा गैरसमज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. टाइप म्हणजे त्या जातीचा सर्वांत प्रातिनिधिक, सर्वांत देखणा नमुना असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. टाइप म्हणजे नाव ज्या खुंटीला कायमचं टांगलेलं असतं ती खुंटी. टाइप नमुना किड्यांनी खाल्लेला असेल, जातीच्या सरासरीपेक्षा बुटका असेल, अगदी विकृत वाढीचा असेल, तरी नाव त्याचंच. उद्या कोणी त्या जातीचे दोन तुकडे केले, तर टाइप ज्या तुकड्यात जाईल त्याच तुकड्याकडे जुनं नाव जातं. मूळ वर्णन दुसऱ्या तुकड्याशी जास्त जुळत असलं तरी काही उपयोग नाही.

हे प्रकरण किती दूरवर जाऊ शकतं ते बाभळीच्या बाबतीत दिसलं. अकॅशिया हा प्रचंड वंश फोडायची वेळ आली तेव्हा त्याचा टाइप आफ्रिकेतल्या बाभळीच्या गटात होता. नियमाने गेलं तर अकॅशिया हे नाव त्या गटाकडे राहणार आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे 1000 जातींना दुसऱ्या वंशाचं नाव घ्यावं लागणार. ते टाळण्यासाठी 2005मध्ये व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये टाइपच बदलून ऑस्ट्रेलियन जातीवर नेण्यात आला. त्यावर कडाक्याचं भांडण झालं आणि 2011मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. म्हणून आज बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. झाडांमध्ये तसूभर फरक पडला नाही, बदलली ती फक्त खुंटी.

तेव्हा होलोटाइप निवडताना ‘सगळ्यात छान दिसणारी शीट’ हा निकष ठेवू नका. जिच्यावर जातीला इतरांपासून वेगळं करणारे अवयव दिसतात ती निवडा. फरक परागकोशात असेल आणि होलोटाइपवर नुसती फळं असतील, तर पुढच्या अभ्यासकाला तुमच्या नावाचं काय करायचं ते कधीच ठरवता येणार नाही.

क्रमांक एक म्हणजे संग्रह एक, असं नाही

सुरुवातीच्या 215 क्रमांकाकडे परत येऊ. टाइप एकाच संग्रहातला हवा, आणि संग्रह म्हणजे त्याच माणसाने किंवा माणसांनी, त्याच ठिकाणी, त्याच वेळी गोळा केलेलं साहित्य. तुमच्या वहीतला नंबर हा फक्त तुमचा हिशेब आहे. मार्च आणि ऑगस्टमध्ये एकाच झाडावरून तोडलेल्या फांद्या हे दोन संग्रह झाले, नंबर एक असला तरीही.

उपाय सोपा आहे. फुलांच्या शीटला 215 राहू द्या आणि फळांच्या शीटला नवा क्रमांक द्या. फुलांची शीट होलोटाइप. त्याच दिवशी, त्याच जागी घेतलेल्या जादा फांद्या म्हणजे आयसोटाइप, त्या इतर हर्बेरियमना पाठवा. फळांची शीट पॅराटाइप, म्हणजे लेखात उल्लेखलेला पण होलोटाइप किंवा आयसोटाइप नसलेला नमुना, म्हणून नमूद करा. वर्णनात दोन्हींचा वापर करायला काहीच हरकत नाही, कारण वर्णन किती नमुन्यांवरून करायचं यावर बंधन नाही. बंधन आहे ते टाइपवर.

फांदी मोठी असल्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन-तीन शीट्स होत असतील तर तेही चालतं. मात्र ‘तीनपैकी शीट 1’, ‘तीनपैकी शीट 2’ असं प्रत्येकीवर स्पष्ट लिहा, म्हणजे त्या एकाच नमुन्याचे भाग आहेत हे कळेल. हे न लिहिल्यामुळे पन्नास वर्षांनी कोणीतरी बसून यांतली होलोटाइप नेमकी कुठली याचा शोध घेत बसतो. तो वेळ वाचवणं तुमच्या हातात आहे.

जिवंत रोप टाइप होत नाही, मग ते बागेत कितीही जपलेलं असो. फोटोही नाही: 1 जानेवारी 2007पासून नव्या जातीचा टाइप प्रत्यक्ष नमुनाच हवा. सूक्ष्म शैवाल आणि सूक्ष्म बुरशीला तेवढी सूट आहे.

‘होलोटाइप अमुक हर्बेरियममध्ये ठेवला जाईल’

भविष्यकाळातलं हे वाक्य दिसलं की मी तिथेच थांबतो. 1990पासून नव्या जातीच्या नावाबरोबर ‘टाइप’ किंवा ‘होलोटाइप’ हा शब्द आणि टाइप जिथे आहे त्या एकाच हर्बेरियमचं नाव देणं सक्तीचं आहे. इथे ‘एकाच’ या शब्दावर जोर. ‘होलोटाइप: के आणि पी’ असं लिहिलं तर क्यू आणि पॅरिस यांपैकी खुंटी नेमकी कुठे, हे कळायला मार्ग उरत नाही. होलोटाइप एका ठिकाणी, आयसोटाइप बाकीच्या ठिकाणी, असं वेगवेगळं लिहा. हर्बेरियमच्या संक्षेपांची आंतरराष्ट्रीय यादी ‘इंडेक्स हर्बेरियोरम’ न्यू यॉर्क बोटॅनिकल गार्डन सांभाळतं. मनाने संक्षेप तयार करू नका.

आणि शीट खरोखर तिथे पोहोचलीय ना, तेही पाहा. लेख छापून आला आणि होलोटाइप मात्र लेखकाच्या टेबलाच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, असं मी पाहिलंय. तो खण रिकामा करायला निवृत्तीनंतर कोणीतरी येतं आणि वर्तमानपत्रासकट सगळं रद्दीत जातं. आधी शीट जमा करा, नोंदणी क्रमांक घ्या, तो लेखात छापा.

जुन्या नावांचे टाइप आणि निओटाइपची घाई

1 जानेवारी 1958च्या आधी नव्या नावाला टाइप दाखवणं सक्तीचं नव्हतं. त्यामुळे जुन्या नावांना मागाहून टाइप ठरवावा लागतो, आणि चुकांची खरी गर्दी इथेच आहे.

मूळ लेखकाने वापरलेलं साहित्य शिल्लक असेल तर त्यातून निवडलेला नमुना म्हणजे लेक्टोटाइप. मूळ साहित्यातलं काहीच उरलं नसेल, तरच बाहेरून नवा नमुना आणून निओटाइप करता येतो. घाई होते ती इथे. ‘मूळ हर्बेरियम जळालं’ एवढं वाचून लोक लगेच निओटाइप जाहीर करतात. 1943च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जवळपास सगळं जळालं हे खरंच आहे. पण संग्राहकांनी जादा शीट्स इतर शहरांत पाठवलेल्या असायच्या. त्या आयसोटाइप शोधल्याशिवाय निओटाइपला हात लावू नका. लेक्टोटाइप निवडताना क्रम ठरलेला आहे: आयसोटाइप असेल तर तोच आधी, मग सिनटाइप (होलोटाइप न ठरवता मूळ लेखकाने उल्लेखलेले नमुने) आणि त्यांच्या प्रती, मग पॅराटाइप, आणि हे काहीच नसेल तर उरलेलं मूळ साहित्य. तुम्ही निओटाइप केलात आणि उद्या मूळ साहित्यातलं काही सापडलं, तर तुमची निवड बाद होते.

मूळ साहित्यात चित्रंही येतात, हे विसरणारे खूप आहेत. आधुनिक नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने कित्येक जातींची नावं स्वतः नमुना न पाहता, आधीच्या ग्रंथांतल्या चित्रांवरून दिली. सतराव्या शतकाच्या अखेरीस बारा खंडांत छापलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’मधली अनेक चित्रं आज लिनियसच्या नावांचे लेक्टोटाइप आहेत. चित्रावरून जात नक्की ओळखता येत नसेल तर त्याच्या आधाराला आणखी एक नमुना, म्हणजे एपिटाइप, निवडता येतो, पण कोणत्या टाइपला आधार म्हणून, हे लिहावंच लागतं. एपिटाइप एकटा उभा राहत नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट, जिने कितीतरी चांगली कामं वाया घालवली आहेत. 1 जानेवारी 2001पासून लेक्टोटाइप, निओटाइप किंवा एपिटाइप निवडताना ‘इथे निवडला’ या अर्थाचे शब्द, इंग्रजीत ‘डेझिग्नेटेड हिअर’, लिहिणं सक्तीचं आहे. ते दोन शब्द नसतील तर निवड झालीच नाही. त्याआधी कोणी निवड करून ठेवलीय का, हेही बघा. नियमांत बसणारी पहिली निवडच मानावी लागते, तुम्हाला दुसरी शीट कितीही पसंत असो.

एक नाव जवळून: सर्पगंधा

लेखकांची नावं, शेवटची अक्षरं आणि स्पेलिंग यांतल्या चुका वेगवेगळ्या सांगण्यापेक्षा एकाच नावात दाखवतो. सर्पगंधेचं पूर्ण नाव आहे राउवोल्फिया सर्पेन्टिना (एल.) बेन्थ. एक्स कुर्झ.

पहिल्या शब्दापासून सुरू करू. वंशाचं नाव लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या नावावरून आलं. त्याच्या आडनावात डब्ल्यू असला तरी वंशाच्या नावात व्ही आहे. मूळ प्रकाशनात व्ही आहे म्हणून तोच बरोबर. ‘आडनावाप्रमाणे दुरुस्त’ करून डब्ल्यू घालणारे आजही भेटतात, औषधांच्या पुस्तकांत तर सर्रास. मूळ स्पेलिंगला हात लावायचा तो फक्त छपाईची किंवा कोडने सुधारण्याजोगी चूक असेल तर.

आता कंसातला एल. म्हणजे लिनियस. त्याने ही वनस्पती ऑफिऑक्सिलॉन सर्पेन्टिनम म्हणून प्रसिद्ध केली. तेच या नावाचं मूळ, म्हणजे बेसिओनिम. दुसऱ्या वंशात हलवलं की मूळ लेखक कंसात जातो. शेवट कसा बदलला पाहा: ऑफिऑक्सिलॉन नपुंसकलिंगी म्हणून सर्पेन्टिनम, राउवोल्फिया स्त्रीलिंगी म्हणून सर्पेन्टिना. विशेषण वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इथे लॅटिनच्या वरवरच्या ज्ञानाचा सापळा आहे. ‘अस’ने संपणारा शब्द पुल्लिंगी, असं शिकलेला माणूस ओकला क्वेर्कस अल्बस लिहून मोकळा होतो. पण झाडांची क्वेर्कस, पायनस, फायकस ही नावं परंपरेने स्त्रीलिंगी आहेत, म्हणून क्वेर्कस अल्बा आणि पिंपळ फायकस रिलिजिओसा. दुसरा शब्द विशेषण नसून नाम असेल, जसं क्वेर्कस रोबुरमध्ये, तर तो कुठेही गेला तरी बदलत नाही.

राहिलं ‘बेन्थ. एक्स कुर्झ’. नाव बेन्थमने सुचवलं, पण वैध रीतीने प्रसिद्ध केलं कुर्झने. जागा वाचवायची म्हणून लोक कुर्झला गाळतात. नेमकं उलट करायला हवं: गाळायचाच असेल तर बेन्थम गाळा, कारण नाव जन्माला घातलं कुर्झने. तसंच सागाच्या टेक्टोना ग्रँडिसपुढचा ‘एल.एफ.’ हा लिनियसचा मुलगा आहे. एफ. गाळलात तर श्रेय बापाला जातं.

व्यक्तींवरून दिलेल्या नावांचं एवढं लक्षात ठेवा: पुरुषाचं नाव व्यंजनाने संपत असेल तर शेवटी दोन आय, मात्र ‘ईआर’ने संपत असेल तर एकच. म्हणून कोएनिगीत दोन आय आणि हूकेरीत एक. बाईच्या नावाला बाईचाच प्रत्यय लावा. आजही बाईंच्या सन्मानार्थ ठेवलेल्या नावाला पुरुषी शेवट जोडलेला दिसतो, हे फारच ओशाळवाणं आहे. अक्षरावरची टिंबं आणि चिन्हं सहसा चालत नाहीत. ‘कोनिग’मधल्या दोन टिंबांच्या ओचा ओई होतो, त्यातूनच ‘कोएनिगी’ आलं.

छापलं, पण प्रकाशित झालं नाही

पीएच.डी.च्या प्रबंधात नवी नावं देऊन ठेवणं हा नेहमीचा घोळ आहे. 1953पासून प्रबंधातलं नाव सहसा प्रकाशित धरलं जात नाही, प्रबंधाला आयएसबीएन असल्यासारखा ठोस पुरावा असेल तरच गोष्ट वेगळी. परिषदेतलं पोस्टर, समाजमाध्यमावरची पोस्ट, हर्बेरियमच्या लेबलवर लिहिलेलं नाव, यांतलं काहीच चालत नाही. 1 जानेवारी 2012पासून ऑनलाइन प्रकाशन चालतं, पण ते पीडीएफ स्वरूपात आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनात हवं. नुसतं वेबपेज पुरत नाही.

वर्णन किंवा भेददर्शक टिपण लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. 1935पासून 2011 संपेपर्यंत लॅटिनच लागायचं, आणि त्या काळातली कितीतरी नावं लॅटिनच्या दोन ओळी राहिल्यामुळे अवैध ठरली. मराठीत तुम्ही कितीही रसाळ वर्णन लिहा, सोबत त्या दोनांपैकी एक भाषा हवीच. ‘ही जात सर्व ज्ञात जातींपेक्षा वेगळी आहे’ याला टिपण म्हणत नाहीत. कशात वेगळी, ते लिहा.

आडमार्गाची भाषाही टाळा. ‘पुढे ही जात नवी ठरल्यास तिला अमुक नाव द्यावं’ असं लिहिणाऱ्याने स्वतःच नाव स्वीकारलेलं नसतं, त्यामुळे कोडही ते स्वीकारत नाही. वंश बदलून नवी जोडणी करणाऱ्यांनी बेसिओनिमचा लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पान, सगळं द्यावं. पान म्हणजे ते नाव ज्या पानावर आहे ते, ग्रंथाची एकूण पानं नव्हेत. ही चूक हसण्यावारी नेऊ नका, मी ती वर्षाला दोनदा तरी पाहतो.

नाव आधीच घेतलेलं

नाव ठरवण्याआधी आयपीएनआय आणि ट्रॉपिकोस या वनस्पतिनामांच्या सूचींत शोधा. त्याच वंशात जातीच्या नावाचा तोच दुसरा शब्द आधी कोणी वापरला असेल, तर ती जात आज दुसऱ्या नावाखाली गेलेली असली तरी तुमचं नाव अग्राह्य, म्हणजे वैध छापूनही वापरता न येणारं, ठरतं. गोंधळ होईल इतकं सारखं असलं तरी तेच. वंशाचं नवं नाव देणार असाल तर बुरशी आणि शैवालांच्या सूचीही पाहा, कारण कोड एकच आहे. प्राण्यांची काळजी नको: मोरस म्हणजे आपल्याकडे तुती आणि प्राणिशास्त्रात गॅनेट नावाचा समुद्रपक्षी, आणि दोघांचं सुखाने चाललंय. प्राण्यांमध्ये चालणारी पुनरुक्ती मात्र वनस्पतींत बंद आहे. कडुनिंबाला लिनियसने मेलिया अझाडिराक्टा म्हटलं होतं. पण अझाडिराक्टा या वंशात त्याला अझाडिराक्टा अझाडिराक्टा म्हणता येत नाही, म्हणून अझाडिराक्टा इंडिका.

स्वतःच्याच पायावर धोंडा मारण्याचाही एक प्रकार आहे. नव्या नावाखाली समानार्थी म्हणून एखादं जुनं, वैध नाव टाइपसह सामावून घ्यायचं. मग ते जुनंच नाव वापरायला हवं होतं, आणि तुमचं नाव अनावश्यक म्हणून जन्मतःच अग्राह्य.

नाव पटत नाही म्हणून बदलू नका

स्किला पेरुव्हिआना पेरूत उगवत नाही, ती भूमध्य समुद्राच्या परिसरातली. तरी लिनियसचं नाव कायम आहे आणि कोडमध्ये ते याच मुद्द्याचं उदाहरण म्हणून दिलंय. अर्थ चुकला म्हणून नाव जात नाही. अपवाद झाले ते काँग्रेसच्या निर्णयाने: 2024मध्ये मॅड्रिडला आफ्रिकी लोकांसाठी अवमानकारक असलेला ‘काफ्रा’ हा शब्द ‘आफ्रा’ करायचं ठरलं, म्हणून एरिथ्रिना काफ्रा आता एरिथ्रिना आफ्रा. एकट्यादुकट्याने लेखात असा बदल केला तर तो कोणी मानणार नाही.

आता छापून गेलंय, तर?

आधी रोग ओळखा. नाव वैध रीतीने प्रकाशितच झालेलं नसेल, तर कोडच्या दृष्टीने ते अस्तित्वात नाही. मग सगळ्या अटी पुऱ्या करून छोटं टिपण छापा आणि नाव वैध करा. नावाची तारीख त्या टिपणाची धरली जाईल, आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी त्याच जातीला वैध नाव दिलं असेल तर अग्रहक्क त्याचा. म्हणून हे काम ‘सवडीने’ करायचं नसतं.

नाव वैध असूनही अग्राह्य असेल, जसं आधीच घेतलेलं, तर तेच पुन्हा छापून काही होत नाही. त्याला पर्यायी नवं नाव द्यावं लागतं. फक्त प्रत्यय चुकला असेल तर नवा लेखच नको: हूकेरीला चुकून दोन आय लावले असतील तर पुढच्या प्रत्येकाने ते एक करून लिहायचं, मूळ लेखक आणि तारीख तशीच राहते. आणि नियमाप्रमाणे गेलं तर सगळ्यांच्या वापरातलं नाव बुडणार असेल, तर ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात नाव जतन करण्याचा प्रस्ताव देता येतो. त्यावर समिती मत देते आणि शेवटचा शब्द काँग्रेसचा, त्यामुळे काही वर्षं थांबायची तयारी ठेवा.

क्रमांक 215चं काय झालं? लेखकाने फळांच्या शीटला नवा नंबर दिला, होलोटाइपपुढे एकाच हर्बेरियमचं नाव ठेवलं आणि नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच लेख परत पाठवला. दुरुस्ती चार ओळींची होती.